आधी रेंज, मग रिचार्ज, फोन सगळ्यात शेवटी

देवरुखजवळच्या आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, हातभर जाड. तीन वर्षांपूर्वी आईला 18,000 रुपयांचा फोन घेतला. भाच्याने दोन रात्री व्हिडिओ बघून निवडला होता. कॅमेरा झकास, स्क्रीन लखलखीत, डबासुद्धा ठेवून द्यावा असा. आठ दिवसांत शेजारच्या काकूंच्या नंबरवरून आईचा फोन आला: "बाबा, तुझा तो फोन माजघरात मुका होतो रे. पडवीत नेला की बोलतो."

फोनमध्ये काही खोट नव्हती. आम्ही हौसेने जे सिम घातलं होतं, त्या कंपनीचा टॉवर डोंगरापलीकडे होता. फोन निवडायला दोन रात्री गेल्या, पण आईच्या उशाशी रेंज येते का, हे बघायला दोन मिनिटं कुणी दिली नाहीत.

तेव्हापासून नात्यातलं कुणी "कुठला फोन घेऊ?" म्हणून विचारलं की मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करतो. आधी रेंज बघायची, मग रिचार्ज ठरवायचा, मग घरात काय बघितलं जातं ते लिहून काढायचं, आणि या तिन्हींना पुरेल एवढाच फोन घ्यायचा. खाली तोच क्रम दिला आहे.

पायरी 1: वही काढा आणि वर्षाचा हिशेब मांडा

फोनची किंमत एकदम डोळ्यात भरते. रिचार्ज मात्र हळूहळू खिसा कापतो. 2024 च्या जुलैमध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 239 वरून 299 रुपयांवर गेला. 28 दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात असे 13 रिचार्ज होतात, म्हणजे 3,887 रुपये. आता 15,000 चा फोन चार वर्षं वापरला तर वर्षाला 3,750 पडतात. दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा. दुकानात आपण हजार रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो, पण तेवढ्याच रकमेचा रिचार्ज न बघता मारतो.

त्यात ओटीटी, म्हणजे मालिका-सिनेमे दाखवणारी ॲप, मिळवा. महिना 149 चं एक सदस्यत्व म्हणजे वर्षाला 1,788. घरात चार सिम आणि दोन-तीन ॲप असतील तर बेरीज बघून आधी एक चहा घ्यावा लागतो. ही बेरीज आत्ताच करून ठेवा, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यातला कुठला ना कुठला आकडा कमी करते.

पायरी 2: रेंज पायाने मोजा

कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे द्यावेत, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम 2025 च्या एप्रिलपासून लागू झाला आहे. नकाशा जरूर बघा, पण त्याला तुमच्या भिंती ठाऊक नसतात. खरी परीक्षा अशी घ्या: ज्या ज्या कंपनीचं सिम आजूबाजूला कुणाकडे आहे, त्यांना चहाला बोलवा आणि त्यांचा फोन घेऊन घरभर फिरा. उशाशी, चुलीपाशी, न्हाणीच्या दारात, दुकानाच्या गल्ल्यावर, आगरात. प्रत्येक ठिकाणी एक कॉल लावून मिनिटभर बोला. नुसत्या दांड्या बघू नका, कारण दोन फोन एकाच जागी वेगवेगळ्या दांड्या दाखवतात. आवाज तुटतो का, हे महत्त्वाचं.

हीच फेरी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान पुन्हा मारा. दुपारी सुसाट धावणारं नेट मालिकांच्या वेळी रांगायला लागतं, कारण एका टॉवरवर सगळी वाडी एकदम बसलेली असते. शहरात गणपतीत किंवा सोसायटीच्या लिफ्टजवळ हाच अनुभव येतो.

थोडं तांत्रिक, पण उपयोगाचं. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्या शिरतात. उच्च फ्रिक्वेन्सीच्या लहरी वेग जास्त देतात, पण डोंगर आणि भिंत लागली की दमतात. 700 मेगाहर्ट्झचा पट्टा पहिल्या जातीचा आहे. तो बॅंड 28 म्हणून ओळखला जातो, 5जी मध्ये त्याला एन28 म्हणतात. 3300 मेगाहर्ट्झचा एन78 दुसऱ्या जातीचा. जिओ 5जी साठी दोन्ही वापरते. बीएसएनएलच्या स्वदेशी 4जी जाळ्याचं उद्घाटन 27 सप्टेंबर 2025 ला झालं, आणि त्यातही 700 चा पट्टा आहे. म्हणून कोकणात, मेळघाटात किंवा सह्याद्रीच्या कुशीतल्या गावात बीएसएनएलला "सरकारी आहे" म्हणून आधीच बाद करू नका. उलट "सरकारी आहे म्हणून असेलच" असंही धरून चालू नका. फिरून बघा.

सगळ्याच कंपन्या घरात मुक्या असतील तर वाय-फाय कॉलिंग हा उपाय आहे, आणि तो फारच कमी लोकांना माहीत असतो. घरात केबलवाल्याचं फायबर आलेलं असेल तर साधा कॉल टॉवरऐवजी वाय-फायवरून जातो. त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही. नंबर तोच राहतो आणि समोरच्याला काही कळतही नाही. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या पानावर "वाय-फाय कॉलिंग" चालू करायचं. फोन आणि सिम कंपनी दोघांनीही ही सोय दिलेली असायला हवी. आमच्या माजघराचा मुकेपणा शेवटी याच एका बटणाने गेला. लाइट गेली की मात्र राउटरही जातो आणि आई पुन्हा पडवीत! राउटरला छोटा यूपीएस लावल्यावर तेही मिटलं.

दूरसंचारच्या नकाशात मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल आहेत, हेही लक्षात असू द्या. मुंबई आणि भोवतालचा पट्टा एका सर्कलमध्ये, गोव्यासह बाकीचं राज्य दुसऱ्यात. मुंबईतल्या मुलाने आपल्या भागातलं सिम घेऊन गावाला पाठवलं तर ते चालतं, पण कुठला प्लॅन मिळणार हे सिमच्या सर्कलवर ठरू शकतं. गावात राहणाऱ्याचं सिम शक्यतो गावाजवळच्या दुकानातून घ्या. बिघडलं तर जवळ जाता येतं.

पायरी 3: आधी वापर बघा, मग प्लॅन

सेटिंगमध्ये जाऊन मागच्या महिन्याचा मोबाइल डेटा किती झाला ते बघा. वाय-फायचा वेगळा दाखवतात, तो धरू नका. आलेल्या आकड्याला 30 ने भागा. अनेक घरांत असं निघतं की रोजच्या दीड जीबीचे पैसे जातात आणि वापर अर्धा जीबीसुद्धा नसतो. रोजचा कोटा मध्यरात्री संपतो, उरलेला डेटा बहुतेक प्लॅनमध्ये पुढच्या दिवशी मिळत नाही.

किती लागेल याचा अंदाज नेटफ्लिक्सच्या आकड्यांवरून येतो. मध्यम दर्जाला तासाला साधारण 0.7 जीबी, एचडीला 3 जीबीपर्यंत. म्हणजे रोजच्या दीड जीबीत मध्यम दर्जाचे दोन तास, पण एचडीचा अर्धा तास. मोबाइलच्या पडद्यावर हा फरक माझ्या डोळ्यांना तरी कळत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये "डेटा सेव्हर" चालू केला की महागडा प्लॅन घ्यायची गरजच उरत नाही.

प्लॅनची तुलना करायची तर किंमत भागिले दिवस, एवढंच सूत्र वापरा. 299 भागिले 28 म्हणजे दिवसाला 10 रुपये 68 पैसे. आता दुसरी बाजू बघा. ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलला आणि फक्त कॉल व एसएमएसचे, डेटा नसलेले रिचार्ज देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. जानेवारी 2025 मध्ये ते आले. त्या वेळी जिओचा 84 दिवसांचा 448 ला होता, एअरटेलचा 469 ला, आणि एअरटेलचाच वर्षभराचा 1,849 ला. म्हणजे दिवसाला पाच-साडेपाच रुपये. तुम्ही वाचाल तोवर आकडे हलले असतील, पण भागाकार तोच करायचा.

हे रिचार्ज दुकानदार आपणहून सांगत नाही आणि ॲपमध्येही ते शेवटच्या रकान्यात लपलेले असतात. "व्हॉइस ओन्ली" किंवा "व्हॅल्यू" असं काहीतरी नाव शोधा. घरात वाय-फाय आहे, बाहेर जाणं कमी आहे, अशा ज्येष्ठांना हा रिचार्ज अगदी बेतून शिवल्यासारखा बसतो. बँकेचे ओटीपी एसएमएसने येतातच. एकच अडचण: बाजारात जाऊन यूपीआयने पैसे द्यायचे तर तिथे डेटा नसतो. आईने त्यावर स्वतःच तोडगा काढला आहे. ती मासळीवालीला रोख देते आणि उरलेल्या पैशांची कोथिंबीर घेते.

5जी च्या मोहात पडण्याआधी बारीक अक्षरं वाचा. 2024 च्या दरवाढीनंतर जिओने अमर्याद 5जी रोज 2 जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं ठेवलं. दीड जीबीचा प्लॅन घेतला, फोन 5जी आहे, गावात 5जी आहे, तरी अमर्याद मिळत नाही आणि मग लोक फोनला शिव्या घालतात.

28 दिवसांचा वैताग असेल तर निदान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला होणारा रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवायचा, असा ट्रायचा 2022 पासूनचा नियम आहे. शोधला की सापडतो. वर्षाचा प्लॅन दिवसाच्या हिशेबात स्वस्त पडतो, पण नव्या कंपनीत गेल्या गेल्या तो घेऊ नका. महिनाभर रेंज बघा. पावसाळ्यात बघितली तर आणखी चांगलं.

पायरी 4: कंपनी बदलायची तर नंबर सोडू नका

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी 2011 पासून आहे, आणि जुलै 2015 पासून दुसऱ्या राज्यात गेल्यावरही. कृती सोपी आहे. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस 1900 ला पाठवा. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच.

कोड येतच नसेल तर तीन कारणं तपासा. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झाले नसतील, पोस्टपेडचं बिल बाकी असेल, किंवा नुकतंच सिम हरवून नवं घेतलं असेल. 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस कोड मिळत नाही. चोराने तुमच्या नावाचं सिम काढून नंबर पळवू नये म्हणून ही अडवणूक आहे, आणि ती योग्यच आहे. जुन्या कंपनीतला शिल्लक बॅलन्स आणि राहिलेले दिवस बुडतात, त्यामुळे मुदत संपायला चार-पाच दिवस असताना हलवा. "सोडून जाऊ नका, खास ऑफर देतो" असा फोन हमखास येतो. ऑफर खरंच चांगली असू शकते, पण ती माजघरातली रेंज वाढवत नाही.

हे करताना संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघून घ्या. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच "हा माझा नाही" असं कळवता येतं.

पायरी 5: घरात काय बघतात?

ओटीटी निवडताना लोक जाहिरात बघून निवडतात. मराठी घरात त्याहून सोपी पद्धत आहे: संध्याकाळी टीव्हीवर कुठली वाहिनी लागते ते बघा. झी मराठीच्या मालिका झी5 वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर. हॉटस्टार आणि जिओसिनेमा 14 फेब्रुवारी 2025 ला एक झाले, त्यामुळे त्या आधीचे सल्ले आता विसरा. घरात आधीच डिश किंवा केबलचे पैसे जात असतील तर त्याच मालिकेसाठी ॲपचे पैसे दुसऱ्यांदा का द्यायचे, हा प्रश्न आईने मला विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फुकटचंही बरंच आहे. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप 20 नोव्हेंबर 2024 ला गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुना साठा त्यावर आहे. ज्यांचं बालपण दूरदर्शनसमोर गेलं, त्यांनी एखादी रविवार दुपार राखून ठेवूनच ते उघडावं.

पैसे भरून घेणार असाल तर नुसती किंमत बघू नका, कशावर चालणार तेही बघा. नेटफ्लिक्सचा 149 रुपयांचा मोबाइल प्लॅन फोन आणि टॅबवरच चालतो, दर्जा 480पी, म्हणजे एचडीपेक्षा कमी. टीव्हीला जोडता येत नाही. जुलै 2023 पासून एका घराबाहेर पासवर्ड वाटणंही त्यांनी भारतात बंद केलं. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर 17 जून 2025 पासून जाहिराती येतात, त्या नको असतील तर वेगळे पैसे मोजावे लागतात. रिचार्जसोबत "फुकट" मिळणारं ओटीटी तर बहुतेकदा मोबाइलपुरतंच असतं. शिवाय त्याच्या मुदतीचा आणि रिचार्जच्या मुदतीचा मेळ असतोच असं नाही.

मी स्वतः पाळी लावतो. एका वेळी एकच ॲप, महिनाभर जे साठलंय ते बघायचं, बंद करायचं, पुढच्या महिन्यात दुसरं. बायकोला हे कंजूषपणाचं वाटतं. क्रिकेटच्या मोसमात तिचं ऐकतो.

आता या सगळ्यातली खरी खोड: आपोआप कापले जाणारे पैसे. मी एक ॲप फोनमधून काढून टाकलं आणि निश्चिंत झालो. सात महिने पैसे जातच होते. ॲप काढलं म्हणजे सदस्यत्व संपलं, असं होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी वजावट होण्याच्या 24 तास आधी कळवावं लागतं, पण 15,000 पर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. सूचनेचे ते एसएमएस मला सातही वेळा आले होते. मी ते जाहिराती समजून पुसले होते. म्हणून आज दोन गोष्टी करा. यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" हे पान उघडा आणि यादी बघा, नको ते तिथेच रद्द करा. कार्डावरची यादी बँकेच्या ॲपमध्ये वेगळी असते, तीही बघा. फुकट महिना घेताना ज्या दिवशी घेतला त्याच दिवशी रद्द करून टाका. पुष्कळ ॲपमध्ये मुदत संपेपर्यंत चालू राहतं, पण तसं आहे का ते रद्द करायच्या आधी वाचा.

रद्द करायचं बटणच सापडत नसेल तर तो तुमचा वेंधळेपणा नाही. ग्राहकाला सदस्यत्वात अडकवून ठेवणं हा प्रकार केंद्र सरकारच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांच्या यादीत नावानिशी आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते.

पायरी 6: आता फोन

इथवर आलात तर फोन निम्मा ठरलेला असतो. तुमच्या कंपनीचे बॅंड, वाय-फाय कॉलिंग, आणि काय बघायचं, हे हातात आहे. परदेशातून भाऊ फोन आणतो म्हणाला तर आधी बॅंडची यादी मागवा. तिकडचा फोन इकडच्या सगळ्या पट्ट्यांवर चालतोच असं नाही.

माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: अपडेट किती वर्षं मिळणार? बँकेची ॲप जुन्या अँड्रॉइडवर एक दिवस उघडायची थांबतात आणि धडधाकट फोन अडगळीत जातो. गूगलने पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने एस24 मालिकेला सात वर्षांचं आश्वासन दिलं. स्वस्तातही आता बरं मिळतं. सॅमसंगच्या ए16 5जी ला सहा वर्षं आहेत. दोन फोन सारखेच वाटत असतील तर जास्त वर्षांचा घ्या. 15,000 भागिले 3 आणि 15,000 भागिले 6, एवढा सरळ हिशेब आहे.

दुसरं, साठवण. सुप्रभात, गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, लग्नाच्या पत्रिका आणि नातवंडांचे व्हिडिओ, हे सगळं व्हॉट्सॲपमधून फोनमध्ये उतरतं. 64 जीबीतला मोठा वाटा फोनची स्वतःची सिस्टिमच खाते. 128 च्या खाली जाऊ नका. साठवण कुठल्या जातीची हेही विचारा: यूएफएस असेल तर फोन चपळ, ईएमएमसी असेल तर दोन वर्षांत "हँग होतो" ही तक्रार सुरू. "8 जीबी रॅम" मोठ्या अक्षरात आणि खाली "4 अधिक 4 व्हर्च्युअल" असेल तर ती 4 जीबीच आहे. बाकीची 4 तुमच्याच साठवणीतून उसनी घेतलेली असते, आणि ती खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते.

मेगापिक्सेलवर मी फार वेळ घालवत नाही. 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुतेकदा चार ठिपके एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो, आणि ते चांगलंच आहे. मागे तीन गोल दिसतात त्यातला 2 मेगापिक्सेलचा "मॅक्रो" हा नवरदेवामागे चालणाऱ्या दूरच्या पाहुण्यासारखा, फोटोत असतो पण कामाचा नसतो. त्यापेक्षा ओआयएस, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरून घेणारी लेन्सची सोय, आहे का बघा. हात थरथरणाऱ्या माणसाचे फोटो त्याने सुधारतात.

ओटीटीसाठी फोन घेत असाल तर वाइडवाइन (व्हिडिओची चोरून कॉपी होऊ नये म्हणून फोनमध्ये असलेलं कुलूप) एल1 पातळीचं आहे का, ते तपासा. एल3 असेल तर पैसे एचडीचे भरूनही चित्र धूसर दिसतं. दुकानातल्या डेमो फोनवर नेटफ्लिक्सच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या मोफत तपासणी ॲपमध्ये ते दिसतं.

कोकणातल्यांसाठी पाण्याबद्दल. फोन धूळ-पाण्याला किती टिकतो हे सांगणाऱ्या आयपी68 मधला 6 धुळीचा आणि 8 पाण्याचा, पण चाचणी साध्या पाण्यात होते. समुद्राच्या नाही. आणि बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत पाण्याने झालेला बिघाड धरतच नाहीत. जून ते सप्टेंबर पाच रुपयांची प्लॅस्टिकची पिशवी हा माझा आयपी68.

पायरी 7: दुकानात करायच्या गोष्टी

ऑनलाइन स्वस्त असेल तरी एकदा तो फोन हातात घेऊन बघा, आणि ज्याच्यासाठी घ्यायचा त्यालाच न्या. आईला या वेळी मी देवरुखच्या बाजारात नेलं. तिने आधी फोन दुकानाबाहेर उन्हात धरला. पडद्यावर काही दिसेना, तो बाद. दुसऱ्याचा पडद्यातला बोटाचा ठसा तिचा अंगठा ओळखेना. दुकानदार म्हणाला, "आजी, हात पुसा." आई म्हणाली, "अरे, पुसून काय होतंय? पन्नास पावसाळे भात लावला त्या बोटांनी." शेवटी बाजूच्या बटणात सेन्सर असलेला घेतला, आणि पिनही ठेवला.

तिथे आणखी एवढं करा. अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करून यूपीआय ॲप उघडा. "पुढे जा" हे बटण पडद्याबाहेर जात असेल तर उपयोग नाही. मराठी कीबोर्ड लावून "ज्ञानोबा", "पोळी", "ऱ्हस्व" टाइप करून बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनला देशाच्या 22 भाषा वाचता आल्या पाहिजेत, असं आयएस 16333 हे मानक सांगतं, पण टंकलेखन सक्तीचं आहे ते इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भाषेचं. ती तिसरी आपलीच असेल असं नाही. काही फोनमध्ये मराठीलाही हिंदी वळणाचा ल आणि श येतो. वाचता येतो, पण डोळ्याला खुपतो. कॉल लावून आवाज पूर्ण वाढवा आणि रस्त्यावरच्या गोंगाटात ऐका.

पैसे देण्याआधी *#06# दाबा. 15 आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. जुना फोन विकत घेत असाल तर इंग्रजीत केवायएम, जागा सोडून हा आकडा, असा एसएमएस 14422 ला करा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथे कळतं. जीएसटीचं बिल घ्याच. फोनवर 18 टक्के कर आहे, आणि "बिलाशिवाय हजार कमी" म्हणणारा माणूस वॉरंटीच्या वेळी तुम्हाला ओळखत नाही.

"नो कॉस्ट ईएमआय" मध्ये व्याज असतंच. ते फक्त किमतीतून आधी वजा केलेलं दाखवतात. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क तुमच्या कार्डावर पडतं. विचारा एकच: "रोख दिले तर किती?" दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं व्याज. डब्यात चार्जर आहे का, हेही विचारा, कारण अनेक महागड्या फोनमध्ये तो नसतो. ऑनलाइन मागवला तर डबा उघडताना दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढा, पट्टी कापण्यापासून, न थांबता.

पायरी 8: बिनसलं तर

सिम कंपनीशी भांडण झालं तर ट्रायला पत्र लिहू नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेत तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील विभागाकडे जा. तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोग आहे. दूरसंचारच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. पैशाची फसवणूक झाली असेल तर यातलं काही न करता आधी 1930 ला फोन करा. तिथे मिनिटं मोजली जातात.

जुना फोन देऊन टाकण्याआधी त्यातलं गूगल खातं काढा आणि मगच रीसेट करा. उलट क्रमाने केलंत तर पुढच्या माणसाला तो उघडत नाही आणि तुम्हाला फोन येतात. बॅटरी फुगून पाठ वर आली असेल तर तो फोन घरात ठेवू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका, कंपनीच्या ई-कचरा केंद्रात द्या.

आईचा तो 18,000 चा फोन मात्र आम्ही विकला नाही. त्यात सिम नाही. पडवीच्या खुंटीला टांगलेल्या पिशवीत तो असतो, आणि सकाळी सहाला वाय-फायवर आकाशवाणी लावतो.